कामशेतच्या फाट्यावरची बस: एसटी, पीएमपी आणि मावळच्या आडवाटा

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने निगडी सोडली की देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कान्हे असे फाटे मागे टाकत कामशेत येतं. पुण्याकडून येताना उजव्या हाताचा रस्ता इंद्रायणी ओलांडून नाणे मावळात शिरतो. डाव्या हाताचा रस्ता पवन मावळात, पवनानगरला धरणाच्या काठी जातो आणि तिथून पुढे तिकोना, तुंग. कान्हे फाट्यावरून टाकवेमार्गे आंदर मावळ. तीन खोरी आणि त्यांना जोडणारा एक सरळ रस्ता, असा हा मुलूख आहे. एसटीचं आगार तळेगावला, पुण्याच्या शहरी बससेवेचं, म्हणजे पीएमपीचं, निगडीला. कामशेतच्या वाट्याला थांबे आले.

मावळच्या बसचा प्रश्न निघाला की चर्चा त्या सरळ रस्त्याचीच होते. निगडीहून किती फेऱ्या, शेवटची गाडी कितीला, लोणावळ्यापर्यंत किती जातात. पण त्या रेषेवर माणसाला काही ना काही मिळतंच. लोकल आहे, एसटी आहे, पीएमपी आहे, खासगी गाड्या आहेत. अडतं ते फाट्याच्या आत. करंजगावच्या विद्यार्थिनीला किंवा जांभवलीच्या म्हाताऱ्याला लोकलही नाही आणि पीएमपीही नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत इथे बस चालवणाऱ्या संस्था बदलल्या, गाड्या बदलल्या, तिकिटं बदलली. या सगळ्या बदलांकडे फाट्याच्या आतून पाहिलं तर हिशेब वेगळा लागतो.

एसटी आणि मुक्कामी गाडी

१ जून १९४८ रोजी नगर ते पुणे अशी पहिली एसटी धावली. त्याआधी खेड्यापाड्यांतली प्रवासी वाहतूक खासगी मोटारमालकांच्या हाती होती. गाडी भरली की निघायची, आणि भरायला ती तिथेच जायची जिथे माणसं असायची. एसटीने हे उलटं केलं. सरकारने मार्ग ठरवले, टप्पे पाडले, वेळापत्रक लावलं आणि टप्पा वाहतुकीचा हक्क स्वतःकडे घेतला. चालत्या मार्गांच्या कमाईवर न चालणारे मार्ग पोसायचे, हा त्या हक्कामागचा करार होता. पुणे-मुंबई गाडीने मिळवायचं आणि डोंगरातल्या गाडीने खर्चायचं.

या कराराचं गावातलं रूप म्हणजे मुक्कामी गाडी. दिवसाची शेवटची फेरी आडगावात पोचते, तिथेच रात्र काढते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून निघते. चालक देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून लावतो, म्हणजे अंधारात मागे घ्यायला नको. वाहक दिव्याखाली रोकड मोजतो, तिकिटांचे नंबर वेबिलावर चढवतो. झोपायला देऊळ, शाळेचा ओटा किंवा गाडीतलंच बाक. भाकरी बहुधा गावातून येते. पहाटे दूधवाले, तालुक्याला निघालेले लोक, कॉलेजची मुलं आणि कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे, सगळे या एका गाडीवर अवलंबून. शहरी बसचा दिवस आगारात सुरू होतो आणि आगारात संपतो, त्यामुळे तिची पहिली फेरी सहसा शहरातून निघते आणि गावात पोचेपर्यंत गावाची वेळ टळलेली असते. मुक्कामी गाडीचा दिवस गावातून सुरू होतो. दोन व्यवस्थांमधला हा फरक कुठल्याही ताफ्याच्या आकड्यात दिसत नाही, पण गावाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे.

एसटीची गाडीही या कामासाठीच घडलेली. पुण्याजवळ दापोडीला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. कंपनीकडून नुसती चासी घ्यायची आणि वरचा सांगाडा इथे बांधायचा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. अॅल्युमिनियमचा पत्रा, उंच पाया, आडव्या सळ्यांच्या खिडक्या, मागे शिडी आणि टपावर कॅरिअर. उंच पायामुळे म्हाताऱ्यांना पायऱ्या चढताना धाप लागते, पण तीच उंची पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीपुलावरून आणि उखडलेल्या रस्त्यावरून गाडी काढते. टपावर तांदळाची पोती, भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या. पुढे अॅल्युमिनियमच्या जागी पोलादी सांगाडे आले, टप मोकळा झाला, पण आडरस्त्याला लागणारी गाडी कशी असावी याचं ज्ञान दापोडीत साठलेलं होतं.

रेषेवरची चढाओढ

सरळ रस्त्यावर मात्र एसटीला सुरुवातीपासून रेल्वेची सोबत होती. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ पासूनचा. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि कामशेत, मळवली, कान्हे ही छोटी स्थानकं पुण्याच्या रोजच्या ये-जा करणाऱ्यांच्या नकाशावर आली. आजही पुणे ते लोणावळा या ६४ किलोमीटरना लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये आहे. त्या भावाला कुठलीही बस टक्कर देऊ शकत नाही. लोकलची अडचण भाड्यात नाही, वेळेत आहे. दुपारी देखभालीसाठी मार्ग मोकळा ठेवायचा म्हणून गाड्यांमध्ये मोठी पोकळी पडते. दोनच मार्गिका असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकमेकींच्या वाटेत येतात. सकाळी कॉलेजला गेलेल्या मुलीचे तास दुपारी एकला संपले तर परतीसाठी बसच उरते.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी एसटीने निमआराम गाड्या पाठवल्या. खेळ संपल्यावर त्या दादर-पुणे मार्गावर आल्या आणि त्यांचं नाव 'एशियाड' असंच पडलं. थांबे मोजके, वेग जास्त. दादर-पुणे हा एसटीचा कमावता मार्ग, आणि तो कामशेतच्या दारावरून जाई. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि ही सगळी वाहतूक जुन्या रस्त्यावरून उचलली गेली. द्रुतगती मार्गावर कामशेतच्या नावाचे दोन बोगदे आहेत, पण कामशेतला उतरायला वाट नाही. उतरायचं तर तळेगावजवळ उर्से किंवा पुढे लोणावळा. शिवनेरी ही एसटीची वातानुकूलित गाडी मावळच्या डोंगराच्या पोटातून जाते आणि मावळातल्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

प्रवाशांच्या सोयीपेक्षाही मोठा परिणाम हिशेबावर झाला. ज्या गाड्यांच्या कमाईवर आतल्या फेऱ्या पोसल्या जायच्या, त्या आता स्वतःच्याच मार्गावर खासगी आरामगाड्यांशी झुंजत होत्या. महामंडळाचा तोटा वाढत गेला तसा जुना करार विसविशीत होत गेला. फेरीचं भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने प्रवासी किती, हा निकष पुढे आला. त्या निकषावर नाणे मावळातली पहाटेची गाडी पास होते आणि दुपारची नापास. दुपारची बंद केली की सकाळी गेलेला माणूस परत येणार कसा म्हणून सकाळचीही रिकामी होते. मग तीही नापास.

शहराची बस गावाकडे येते

दुसऱ्या बाजूने शहराची बस सरकत होती. पुण्यात महापालिकेच्या आधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी बस चालवत असे. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका झाली आणि पालिकेची पीएमटी उभी राहिली. पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्टा वाढला, तिथे १९७४ मध्ये पीसीएमटी आली. दोन संस्था, आगारांची दोन जाळी, आणि मधली नदी ओलांडली की तिकीट बदलायचं. कारखान्यातल्या कामगाराला दोन शहरं वेगळी नव्हती. बसला मात्र होती.

ही दुफळी १९ ऑक्टोबर २००७ रोजी संपली. दोन्ही संस्था मिळून पुणे महानगर परिवहन महामंडळ मर्यादित ही कंपनी, म्हणजे आजची पीएमपी, झाली. तिचा तोटा पुणे पालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के भरते. मावळच्या दृष्टीने मेख इथेच आहे. निगडीहून पीएमपी वडगाव, कामशेत आणि कोरोनानंतर लोणावळ्यापर्यंत आली, पण ती तोटा भरणाऱ्यांच्या हद्दीबाहेर. मावळातली कोणतीही ग्रामपंचायत किंवा नगरपालिका त्या कंपनीची भागीदार नाही. म्हणून पुण्यात पैशाची तंगी आली की सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतात त्या हद्दीबाहेरच्या फेऱ्या. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झालं आणि मावळ त्यात आला. बांधकामाच्या परवानग्या आणि विकास शुल्क तिकडे गेलं. बसच्या तोट्याची जबाबदारी तितक्या झटकन गेली नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ पासून एसटी कर्मचाऱ्यांचा राज्यव्यापी संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या महिन्यांत पीएमपीने जिल्ह्यात लांबलांबच्या गावांपर्यंत गाड्या नेल्या. लोकांनी त्या उचलून धरल्या. संप मिटला, एसटी रस्त्यावर परतली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएमपीने ग्रामीण भागातले सुमारे चाळीस मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. एसटीला आपल्या मार्गावर स्पर्धा नको होती आणि पीएमपीला तोटा नको होता. ओरड झाली, काही गाड्या राहिल्या, काही गेल्या. पण दोन सरकारी संस्था 'हे गाव कुणाचं' यावर भांडत असताना 'या गावाला दिवसात किती वेळा गाडी हवी' हा प्रश्न कुणाच्याच कागदावर नव्हता.

ताफा पाहून कळतं ते

एखाद्या बसकंपनीला कोणता प्रवासी दिसतो हे तिच्या गाड्यांवरून ओळखता येतं. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग झाला. पुढे २०१५ मध्ये सांगवी-किवळे आणि संगमवाडी-विश्रांतवाडी, २०१८ मध्ये जुन्या मुंबई रस्त्यावर दापोडी-निगडी. बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मध्यभागी असतात, म्हणून गाड्यांना उजवीकडेही दारं लागतात. शहरात ते योग्यच. पण तीच गाडी निगडीच्या पुढे वडगाव-कामशेतकडे निघाली की उजवीकडचं दार उघडण्याची वेळ येत नाही. त्या दारापायी गेलेली बाकं मात्र गेलेलीच राहतात, आणि लांब पल्ल्याच्या प्रवाशाला उभं राहावं लागतं. खालच्या पायाची बारा मीटर लांब गाडी गतिरोधकावर पोट घासते आणि अरुंद वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांनाही थांबावं लागतं. सामान ठेवायला जागा नाही, टप नाही. भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला वाहक बजावतो, 'मावशी, वाटेत नको, मागं सरका.' त्यात त्याचाही दोष नसतो.

२०१७-१८ मध्ये पीएमपीने मिडी बस घेतल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिल्या विजेवरच्या नऊ मीटर गाड्या आल्या आणि भेकराईनगर व निगडी आगारांत चार्जिंगची सोय झाली. नऊ मीटरची गाडी पवनानगरच्या रस्त्याला शोभावी अशीच. पण विजेच्या गाडीला रात्री आगारात परतावं लागतं. मुक्कामी गाडीची पद्धत तिथे बसत नाही, निदान गावाजवळ चार्जिंग होईपर्यंत.

मालकीची रीतही बदलली. आता पीएमपीच्या बऱ्याच गाड्या ठेकेदारांच्या आहेत. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक पीएमपीचा, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. प्रवासी दहा असोत की साठ, किलोमीटरचा दर तोच. मोठी गुंतवणूक न करता ताफा वाढतो हा फायदा, पण बिलं थकली की गाड्या उभ्या राहतात. मार्च २०२३ मध्ये ठेकेदारांनी थकबाकीपायी गाड्या रस्त्यावर काढल्या नाहीत, तेव्हा हे शहराने पाहिलं. एसटीही त्याच वाटेने निघाली आहे. विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा मोठा करार झाला, पुरवठा रखडला, आणि मग २०२४ मध्ये अशोक लेलँडकडे २,१०४ साध्या वायकिंग गाड्यांची मागणी नोंदवावी लागली. साध्या, स्वतःच्या, डिझेलच्या गाड्यांकडे परतण्याची ही पाळी का आली, याचं उत्तर आडमार्गावर बंद पडलेल्या जुन्या गाड्यांत आहे.

एकच रस्ता, तीन भाडी

कामशेतच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बाईपुढे आज तीन दर आहेत. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. शिवाय पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, आणि ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत पास. पीएमपीत महिलांसाठी तशी निम्म्या तिकिटाची सवलत नाही. उलट १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं आणि २५ ते ३० किलोमीटरचा टप्पा साठ रुपयांवर गेला. दोन्ही शहरांतला एक दिवसाचा पास ७० रुपयांना मिळतो, पण हद्द ओलांडून पीएमआरडीए भागात यायचं तर तो १५० चा होतो. म्हणजे जिथे फेऱ्या विरळ तिथे पास दुपटीहून महाग. लोकल सगळ्यांत स्वस्त, पण ती तिच्या वेळेला.

या सगळ्याला पुरून उरतं ते वडाप. जीप, मॅजिक, टमटम. त्यांना टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा परवाना नसतो, तरी फाट्याच्या आत खरी वाहतूक तेच करतात. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण रात्री साडेआठला लोकलमधून उतरलेल्या माणसाला घरी पोचवणारा तो एकच. मात्र वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि आजारी माणसाला एकट्याने न्यायचं तर भाव वेगळा सांगतो. १९४८ च्या आधी जी व्यवस्था होती, तिच्याकडेच आपण आडरस्त्यांवर परत आलो आहोत, इतकंच.

मग करायचं काय

पुण्याचा मेट्रोमार्ग पिंपरीहून निगडीपर्यंत वाढतो आहे. ते काम झालं की निगडी हे मावळासाठी आणखी मोठं नाकं होईल आणि 'निगडीहून आणखी गाड्या द्या' ही मागणी जोर धरेल. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. लोकलच्या रेषेला समांतर आणखी एक गाडी दिल्याने आधीच सोय असलेल्यांची सोय वाढेल.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या खेड्यांत पोस्टखात्याच्या पिवळ्या बसगाड्या फिरतात. त्या बहुधा शहरापर्यंत जात नाहीत. जवळच्या रेल्वे स्थानकापर्यंत येतात, गाडीच्या वेळेआधी काही मिनिटं पोचतात आणि उतरलेल्यांना घेऊन माघारी फिरतात. १९८२ पासून त्या देशाने रेल्वे आणि बसचं वेळापत्रक एकत्रच बांधलं. मावळची भूमिती याहून सोपी आहे. कामशेतला नाणे आणि पवन मावळ, कान्ह्याला आंदर मावळ. स्थानकं आहेत, रस्ते आहेत, आणि दोन्ही संस्थांकडे मिडी गाड्या चालवण्याचा अनुभव आहे. हवं आहे ते तीन-चार निर्णयांचं धाडस.

पहिला निर्णय कामाच्या वाटणीचा. वडगाव-कामशेत-लोणावळा ही रेषा पीएमपीने सांभाळावी, आणि फाट्याच्या आतलं जाळं एसटीच्या तळेगाव आगाराने. मार्ग कुणाचा यावरची ओढाताण त्याने संपेल. दुसरा वेळेचा. आतल्या गाड्यांची वेळ लोकलवर बेतावी आणि दुपारच्या पोकळीत निगडीची पीएमपी जोडून द्यावी. तिसरा मुक्कामाचा. प्रत्येक खोऱ्यात किमान एक मुक्कामी गाडी भारमान न पाहता राखावी, कारण तीच बाकीच्या फेऱ्यांना प्रवासी आणून देते. चौथा पैशाचा, आणि तोच अवघड. आतल्या गाड्या नफ्यात येणार नाहीत, हे आधीच मान्य करायला हवं. मावळात जमिनीचे भाव वाढले, बंगल्यांच्या वसाहती उठल्या, टाकव्याला कारखाने आले. त्यातून पीएमआरडीएला मिळणाऱ्या विकास शुल्कातला ठरावीक हिस्सा प्रति किलोमीटर दराने एसटीला द्यावा, आणि सवलतीचं तिकीट दोन्ही संस्थांत एकच असावं.

एसटीने एकेकाळी दादरच्या गाडीच्या कमाईवर डोंगरातली गाडी चालवली. ती कमाई द्रुतगती मार्गाने नेली, आणि त्याच मार्गाने मावळच्या जमिनीला भावही दिला. त्या भावातला थोडा वाटा फाट्याच्या आतल्या गाडीकडे वळवणं हा उपकार नव्हे, जुन्या कराराचीच पुढची ओळ आहे. ती लिहायला नवी कंपनी काढावी लागत नाही. तळेगाव, निगडी आणि पीएमआरडीए या तिघांनी एका टेबलाशी बसून लोकलचं वेळापत्रक समोर ठेवलं तरी सुरुवात होईल.